दशक १९, समास १ : समास सोडणे

जय जय रघुवीर समर्थ.

मागे एका मित्राने मला विचारलं होतं, फोनमध्ये दासबोध आहे, मग तो फोन बाथरूममध्ये न्यायचा की नाही? मी हसून टाळलं. इंजिनिअर डोक्याने उत्तर तयारच होतं : फोनमध्ये दासबोध नाहीच, शून्य आणि एक आहेत. उघडला की अक्षरं दिसतात, बंद केला की जातात. कपाटातली पोथी मात्र मिटलेली असली तरी आत अक्षरं असतातच. त्यामुळे विटाळ वगैरे काही नाही, विषय संपला.

पण तो संपला नव्हता, हे आजच्या समासाने दाखवलं.

आजचा समास लेखनक्रियेचा. पहिल्यांदा वाचताना मी चकित झालो. जो ग्रंथ ब्रह्म, माया, विवेक यांबद्दल बोलतो, तोच इथे अक्षर कसं काढावं ते सांगतो. बाळबोध अक्षर घोटून सुंदर करावं, ओळी सरळ असाव्यात, एकीचं वेलांटी-मात्रा दुसरीला लागू नये, ग्रंथाच्या सुरुवातीला जसं अक्षर तसंच शेवटी, जणू एकाच टाकाने लिहिलं. कागद, शाई यांचीसुद्धा चिंता. म्हणजे 'भाव महत्त्वाचा, माध्यम काहीही चालतं' असं आपण जे सहज म्हणतो, ते समर्थ म्हणत नाहीत. ते माध्यमाची काळजी घ्यायला सांगतात.

त्यात दोन गोष्टी मला फार लागल्या. एक, तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येत नाही. फॉन्ट साइझचा विचार, साडेतीनशे वर्षांपूर्वी! आमच्या घरात हे रोज दिसतं. आजीची पोथी बारीक टाइपातली. तिने ती आयुष्यभर वाचली, आता डोळे साथ देत नाहीत. मी तिला टॅब दिला, अक्षर बोटाएवढं मोठं करून. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. तिने पदराने काच पुसली, नमस्कार केला आणि म्हणाली, "यातलं बाकीचं सगळं काढून टाक. मला एवढंच पाहिजे." व्हॉट्सॲप काढलं, बातम्या काढल्या, आवाजही बंद केला. आता टॅब देवघरात पोथीशेजारी असतो. छापील पुस्तकच खरं असं म्हणणाऱ्यांनी आजीला एकदा वाचताना बघावं.

दुसरी गोष्ट कडेच्या जागेची. अक्षरांभोवती मोकळी जागा सोडावी, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. शाळेत आपण यालाच समास सोडणं म्हणायचो ना? वहीच्या डावीकडे लाल रेघ. दासबोधाच्या प्रकरणालाही समास आणि त्या कोऱ्या जागेलाही समास! अर्थ वेगळे आहेत, माहीत आहे. पण आज मला ते वेगळे वाटेनात.

पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. दशक २, समास १०, पढतमूर्खाची लक्षणं. सकाळी सात वाजता फोनवर वाचत होतो. निम्म्यावर आलो आणि वरून ऑफिसचा मेसेज उतरला : रात्रीचं डिप्लॉयमेंट फसलं. चूक टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाची होती. मी तिथेच, त्याच काचेवर, त्याला सगळ्यांच्या ग्रुपमध्ये असं काही लिहिलं की आज इथे लिहायची लाज वाटते. मग परत आलो, उरलेल्या ओव्यांवरून अंगठा फिरवला आणि 'पूर्ण' वर टिचकी मारली. ॲपने शाबासकी दिली : सलग वीस दिवस.

शिकलेला असून वागत नाही तो पढतमूर्ख. तो समास वाचता वाचता मी हे केलं.

फोनला दोष देणं सोपं आहे. पोथी हातात असती तरी मेसेज आलाच असता, मी चिडलोही असतो. पण उठून फोनपर्यंत जावं लागलं असतं. पोथी मिटावी लागली असती, खूण ठेवावी लागली असती. तेवढ्या पाच-सात पावलांत माणूस बदलतो असं नाही, पण ग्रुपऐवजी त्याला फोन करावा एवढं सुचू शकतं. माझ्या वाचनाला कडा नव्हती. झड लागली ती थेट अक्षराला.

आता घरी पोथीच वाचतो, फोन दुसऱ्या खोलीत. मेट्रोत फोनवर वाचतो, एअरप्लेन मोड लावून. तो लावायला बऱ्याचदा विसरतोही. आणि त्या मित्राला काल सांगितलं, बाथरूमचं तू ठरव, मला भीती फोन उघडा असतानाची वाटते.

त्या मुलाची दुसऱ्याच दिवशी माफी मागितली, पण एकट्याला गाठून. चारचौघांत बोललो होतो, ग्रुपवर मात्र काहीच लिहिलं नाही. तो "इट्स ओके सर" म्हणाला. तेव्हापासून मीटिंगमध्ये तो स्वतःहून प्रश्न विचारत नाही.

आज १८१ वा समास झाला. अजून एकोणीस. ॲप तेव्हा दोनशे पूर्ण म्हणेल. माझ्या वहीत मी दशक २, समास १० समोरची खूण आज खोडली. आज सोमवार आहे, साडेदहाला टीमची मीटिंग असते.

जय जय रघुवीर समर्थ.