मोह नव्हे, सारथ्य

गीतेचा आरंभ एका पित्याच्या प्रश्नाने होतो. पांडव हे धृतराष्ट्राच्या भावाचेच पुत्र. तथापि धर्मक्षेत्राचा वृत्तान्त विचारतानाही ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ हा भेद त्याच्या मुखातून सुटला नाही. याच ममतेने त्याने दुर्योधनाचे अपराध पोटात घातले आणि अखेर शंभरही पुत्र गमावले.

ज्या घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर चोरीचा वा मारामारीचा पहिला आरोप येतो, तेथे हाच मोह दोन रूपांनी उभा राहतो. एक म्हणतो, ‘ओळख लावा, पैसे चारा, पण प्रकरण दडपा.’ दुसरा म्हणतो, ‘कुळाला काळिमा लावलास, आता तोंड दाखवू नकोस.’ पहिल्यात ममता आहे, दुसऱ्यात अहंकार. मुलाचे हित दोहोंतही नाही.

आरोप म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे. म्हणून प्रथम मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे. कायद्यानेही येथे सुधारणेचीच दृष्टी ठेवली आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार १८ वर्षांखालील मुलास पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत त्यास बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते आणि आईबापांना कळवावे लागते. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही विनामूल्य मिळतो. तेथे आईबापांनी मुलासोबत जावे, वकिलापासून काही लपवू नये आणि खोटा साक्षीदार कदापि उभा करू नये.

महात्मा गांधींनी वयाच्या पंधराव्या वर्षी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला. पुढे कबुलीची चिठ्ठी लिहून त्यांनी ती रुग्णशय्येवरील वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती वाचली. नेत्रांतून अश्रू ओघळले. चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली. क्रोधाचा एक शब्दही निघाला नाही. दंडाने जे साधले नसते, ते त्या मौनाने साधले.

नवव्या अध्यायात भगवंत सांगतात की, ज्याचा निश्चय योग्य झाला, तो पूर्वी दुराचारी असला तरी त्यास साधूच मानावे. मुलाचा असा निश्चय होण्यास घराचा आधार लागतो. दोष घडलाच असेल, तर त्याचे फळ त्याने भोगावे, हानीची भरपाई करावी. परंतु तेव्हा तो एकटा नसावा.

अर्जुन खचला तेव्हा भगवंतांनी त्याच्याऐवजी शस्त्र उचलले नाही, आणि रथ सोडून ते निघूनही गेले नाहीत. ते सारथीच राहिले. आईबापांचा धर्म याहून वेगळा नाही.