संपफोड्या कोणास म्हणावे?

संपात सामील न होणाऱ्या कामगाराला गद्दार म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ही शिवी देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा. ज्या एकीशी त्याने गद्दारी केली, त्या एकीत त्याला घेतले होते काय?

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाईखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धागा तुटला की तोंडात धरून जोडावा लागे, आणि स्पृश्य कामगाराला आपल्याच सोबत्याच्या थुंकीचा विटाळ होई. पगार त्या खात्यात अधिक, म्हणून विटाळही त्याच खात्यात! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही बंदी उठविण्याची मागणी पुढाऱ्यांपुढे ठेवली. बंदी मालकाच्या नव्हे, कामगारांच्याच आग्रहाने टिकली होती. अशांच्या संपापासून जो दूर राहिला त्याला गद्दार म्हणण्यास आमची जीभ वळत नाही.

पण बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणून काही संप बेकायदा ठरविले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर ७ नोव्हेंबरचा एक दिवसाचा संप घडविला. काल ज्यांनी खात्यात घेतले नाही त्यांच्या बाजूने आज का उभे राहावे? कारण काम नाकारण्याचा हक्क गेला की उरते ती वेठ. आणि वेठ म्हणजे काय, हे महारवतनाखाली राबलेल्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही.

हे सारे आठवले ते एस.टी.च्या संपावरून. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला हा संप उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्यास सांगितल्यावर मिटला. मधल्या काळात पगारवाढ मिळाली, शासनात विलीनीकरण मात्र नाही. कामगार जुन्या संघटनांना बाजूला सारून आगारांपुढे बसले होते. वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्याने आपलीच संघटना टाकून द्यावी, ही गोष्ट सरकारच्या जयापेक्षा अधिक विचार करण्यासारखी आहे.

त्या संपात गाड्या चालविण्यास कंत्राटी चालक आणले गेले. त्यांतील एखाद्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कायम नोकरी त्याच्या वाट्याला नाही, संघटनेच्या यादीत नाव नाही. दुसऱ्याच्या कायम नोकरीसाठी तू उपाशी राहा, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? त्याचे कृत्य निर्दोष होते असे नव्हे. ज्या पद्धतीने त्याला कंत्राटी ठेवले तीच त्याने बळकट केली, आणि संप मिटल्यावर काही महिन्यांत त्यालाही घरी पाठविण्यात आले. पण दोष देण्याचा अधिकार ज्याने आधी दार उघडले त्याचा.

दार उघडणारेही आहेत. कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांनाच, म्हणजे बहुतांशी दलितांनाच, संघटित केले. त्यांतील २७०० जणांना कायम करण्याचा निकाल २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. ज्यांना कोणी यादीत घेत नव्हते त्यांची ही यादी होती.