शेजाऱ्यांचीं रिकामीं भांडीं

(शास्त्रभाग : २ राजे, अध्याय ४, वचनें १ ते ७)



ह्या शास्त्रभागांतील विधवेचें नांव आपणांस कळत नाहीं. तिचा नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकीं होता व देवाचें भय धरून वागत असे, एवढेंच शास्त्र सांगतें. आपल्या बोलण्यांत सांगावयाचें तर ती एका गांवच्या उपदेशकाची विधवा. नवरा देवाची सेवा करीत वारला आणि मागें कर्ज ठेवून गेला. सावकार दारीं आला. घरांत उचलून नेण्याजोगें कांहीं दिसेना, तेव्हां त्यानें तिच्या दोन मुलग्यांवर हात ठेविला. कर्जाच्या फेडीसाठीं ते दास व्हावयाचे होते. त्या काळीं हें नवलाचें नव्हतें. नहेम्याच्या पुस्तकाच्या पांचव्या अध्यायांत यरुशलेमेचे गरीब लोक हेंच गाऱ्हाणें घेऊन येतात. दाण्यापायीं व राजाच्या पट्टीपायीं आधीं त्यांचीं शेतें गेलीं आणि मग लेकरें गेलीं.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांत कोणी सावकार लेकरांना धरून नेत नाहीं. तरी लेकरें जातात, आणि इतकीं हळू जातात कीं शेजाऱ्याच्याहि ध्यानांत येत नाहीं. कास्तकाराच्या घरचें वर्ष आपणांस सांगावयास नको. मृगाच्या पावसावर सरकी टोबावयाची, त्यासाठीं बीं, खत, फवारणीचें औषध उधारीवर आणावयाचें. विदर्भांत शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरांतला शेवटचा रुपया शेतांत गेलेला असतो. पुढें दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडें फुटूं लागतात. वेचणीची मजुरी वजनावर मिळते व लहान बोटें चपळ चालतात. आई ओटी बांधून पऱ्हाटींत उतरते, आणि सातवी-आठवींतील पोरगी तिच्या मागें. आधीं आठवड्यांतून एक दिवस, मग दोन; धाकट्या भावाला सांभाळावयाचें म्हणून आणखी दोन. नांव पटावर असतें, पोर शेतांत असते. परीक्षा येईपर्यंत तिला धडा समजेनासा होतो, आणि मग घरचीं माणसें म्हणतात, “हिचें शाळेंत मन लागत नाहीं.” हें वाक्य मीं इतक्या घरीं ऐकलें आहे कीं, आतां तें कानीं पडतांच मी त्या पोरीच्या बोटांकडे पाहतों. बोंडांच्या टोंकांनीं तीं चिरलेलीं असतात.

कर्जानें ह्या जिल्ह्यांतील घरें कशीं फोडलीं तें जगास ठाऊक आहे. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठीं खास मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. घरधनी आत्महत्या करून गेला तर पात्र ठरलेल्या कुटुंबास सरकार पैसे देतें, वर्तमानपत्रवाले येतात, फोटो घेतात. ते परत गेल्यावर त्या घरांतला वडील मुलगा शाळेंत जातो कीं दुसऱ्याच्या शेतावर सालदार राहिला, हें विचारावयास सहसा कोणी येत नाहीं.

कायदा आहे, आणि तो चांगला आहे. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला व सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास फुकट शिक्षणाचा हक्क मिळाला. परंतु चौदा वर्षें म्हणजे साधारण आठवी. कित्येक गांवांची शाळा तर त्याआधींच संपते. झरी-जामणीकडील कोलामांच्या पोडावरून अथवा पुसदकडील एखाद्या तांड्यावरून नववीला जावयाचें म्हणजे दुसऱ्या गांवीं जावयाचें, नाहीं तर वसतिगृहांत राहावयाचें. जेथें कायद्याचा हात सुटतो तेथेंच गरिबाचें पोर शाळेंतून निसटतें.

येथें मला माझा एक दोष कबूल केला पाहिजे. सहा वर्षांपूर्वीं घाटंजीकडील एका गांवीं मी एका विधवा भगिनीच्या घरीं गेलों. तिचा नवरा जाऊन वर्ष होत आलें होतें. मोठी मुलगी आठवी पास होऊन घरीं बसली होती. मीं शास्त्र वाचलें, देव अनाथांचा बाप आहे असें सांगितलें, लांब प्रार्थना केली आणि चहा घेऊन उठलों. मुलगी माझ्या मागोमाग दारापर्यंत आली व म्हणाली, “पाळकसाहेब, वसतिगृहाचा अर्ज कोठें मिळतो?” मला ठाऊक नव्हतें. विचारून सांगतों, असें मी म्हणालों. विचारलें तेव्हां मुदत टळून गेली होती. त्या वर्षीं ती कापूस वेचावयास गेली. दोन वर्षांत तिचें लग्न झालें. वय कायद्याइतकें भरलें होतें कीं नाहीं, हें पाहावयासहि मी गेलों नाहीं.

अलीशाची ही गोष्ट मी तेव्हांपासून निराळ्या रीतीनें वाचूं लागलों. हें कर्ज झालें कसें, असें अलीशा त्या बाईस विचारीत नाहीं. मेलेल्या नवऱ्यास तो नांवें ठेवीत नाहीं. तुझ्यासाठीं मीं काय करावें आणि तुझ्या घरांत काय आहे, एवढेंच तो विचारतो. आपण बहुधा उलट करितों. विधवेच्या ओसरीवर बसून आधीं नवऱ्याच्या दारूचा विषय काढतों, मग थोरलीच्या लग्नांतल्या खर्चाचा. दारूविषयीं बोलावयास दुसरे रविवार आहेत. कर्ज कोणाच्या चुकीनें झालें तें लेकराच्या दप्तरावर लिहावयाचें कारण नाहीं.

घरांत तेलाची एक कुपी होती. ज्या देवानें रानांत मान्ना पाडिला त्यास त्या एका कुपींतूनच कर्ज फेडतां आलें असतें. पण अलीशानें त्या बाईला शेजाऱ्यांच्या दारोदार पाठविलें. काय मागावयास? तेल मागावयास नव्हे, पैसेहि नव्हेत. रिकामीं भांडीं, आणि तींहि थोडकीं नव्हेत. शेजारीहि कदाचित् तिच्यासारखेच गरीब असतील. परंतु रिकामें भांडें नाहीं असें घर कोणतें? मग मुलगे भांडीं पुढें सरकवूं लागले व आई ओतूं लागली. शेवटीं तिनें आणखी एक मागितलें, तेव्हां मुलगा म्हणाला कीं भांडें उरलें नाहीं. आणि तेल थांबलें. बंधुजनहो, मला ह्या गोष्टीचें भय वाटतें. देवाचें तेल शेजाऱ्यांच्या भांड्यांइतकेंच वाहिलें. त्या आळींत ज्या कोणी घरीं भांडें असतां नाहीं म्हटलें असेल, त्या भांड्यापुरतें तेल त्या घरांत आलें नाहीं.

आणखी एक गोष्ट. अलीशानें तिला दार लावून घ्यावयास सांगितलें. ज्यांनीं भांडीं दिलीं तेहि बाहेर राहिले. आपल्या मंडळ्यांत गरीब लेकराला वही द्यावयाची तर त्याला वेदीपुढें उभें करितात, देणाराचें नांव वाचतात, टाळ्या होतात. तें लेकरूं मान खालीं घालून उभें असतें व पुढल्या रविवारीं येत नाहीं. ज्यांस द्यावयाचें आहे त्यांनीं विधवेचें दार लागूं द्यावें.

घरोघरचीं भांडीं गोळा केल्यानें काय होतें तें महाराष्ट्रानें साताऱ्यास पाहिलें आहे. कर्मवीर भाऊराव पाटील आपल्या मंडळींतले नव्हते, ते जैन घराण्यांत जन्मले. १९१९ सालीं त्यांनीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह घातलें. निरनिराळ्या जातींचीं खेड्यांतलीं मुलें तेथें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत आणि स्वतः कष्ट करून शिकत. त्या विधवेच्या मुलग्यांनीं भांडीं वाहिलीं तसेंच हें. १९२७ सालीं गांधीजींनीं त्या वसतिगृहास शाहू महाराजांचें नांव दिलें. मुलांना जेवावयास कमी पडलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने दिले, आणि शेवटीं मंगळसूत्रहि. हा प्रसंग वक्ते फार रंगवून सांगतात आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. मला मात्र त्या संस्थेच्या मुष्टिफंडाची गोष्ट अधिक उपयोगाची वाटते. खेड्यांतल्या घराघरांतून मूठ मूठ धान्य काढून ठेवीत व तें मुलांसाठीं जमा होई. मंगळसूत्र एकदांच मोडतां येतें. मूठ रोज काढतां येते, आणि ती काढणारीला आपण दाता आहों असेंहि वाटत नाहीं.

आपल्याच जिल्ह्यांतील उदाहरण म्हणून पुसद तालुक्यांतील गहुलीचे वसंतराव नाईक यांचें नांव मुलांना सांगतात. १९१३ सालीं तांड्यांत जन्मलेला हा बंजारा मुलगा पुढें वकील झाला व १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. उदाहरण खरें आहे. पण त्यांच्या पाठीशीं तांड्याच्या नायकाचें घर होतें, हें सांगावयाचें राहून जातें. ज्या पोराच्या पाठीशीं तसें घर नाहीं त्याला नुसतें उदाहरण देऊन काय उपयोग? त्याला गाडीभाडें पाहिजे.

तर आपल्या मंडळीच्या घरांत रिकामें काय आहे? पहिलें म्हणजे आपलें मंदिर. आठवड्यांतले सहा दिवस त्यास कुलूप असतें. संध्याकाळीं दिवा लावून तेथें चार मुलें बसलीं आणि एखादी दहावी झालेली सून त्यांच्याजवळ बसली, तर त्यास कोणाचें अनुदान लागत नाहीं. दुसरें, वेचणीच्या दिवसांतल्या म्हाताऱ्या. ज्या आजींना आतां शेतांत वांकवत नाहीं, त्यांनीं शेजारचें तान्हें आपल्या ओसरीवर घेतलें तर त्याची बहीण शाळेंत जाते. ही फार मोठी गोष्ट आहे. कित्येक मुलींची शाळा पैशानें नव्हे, पाळण्यानें सुटते.

आणि कागद. उपदेशक बंधूंनो, हा भाग तुमचा व माझा आहे, कारण आपणांस वाचतां येतें. शाळा सोडल्याचा दाखला, तहसिलीचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधारला जोडलेलें बँकेचें खातें. यांतला एक नसला तरी शिष्यवृत्ति अडते, आणि विधवेला एकेका कागदासाठीं मजुरी बुडवून तालुक्यास जावें लागतें. ज्यांचे वाडवडील अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झाले त्यांची गणना महाराष्ट्रांत इतर मागासवर्गांत होते. हें माहीत नसल्यामुळें एक तर चुकीचा अर्ज जातो, नाहीं तर कोणताच जात नाहीं. मुलींना एस. टी. चा मोफत पास मिळतो, तोहि मागावा लागतो. हे कागद उन्हाळ्यांतच काढून ठेवावे. जूनमध्यें सेतु केंद्रासमोर रांग असते आणि शेतांत पेरणी असते.

लेकरूं आपल्या मंडळींतलें कीं बाहेरचें, हें विचारूं नये. अलीशानें त्या बाईला सगळ्या शेजाऱ्यांकडे पाठविलें होतें. यवतमाळ शहरांत १९५३ पासून तीस वर्षें युनियन बिब्लिकल सेमिनरी होती. १९८३ सालीं ती पुण्यास गेली. दूरदूरच्या प्रांतांतील तरुण आपल्या येथें शिकून गेले याचा आपणांस अजून अभिमान आहे. परमुलखांतल्या विद्यार्थ्यांना जेथें घर मिळालें, त्या जिल्ह्यांतल्या पोरीला नववीसाठीं शेजार मिळूं नये काय?

गेल्या जूनमध्यें त्याच विधवा भगिनीची धाकटी मुलगी आठवी पास झाली. ह्या वेळीं कागद आम्हीं मे महिन्यांतच काढावयास घेतले. मंडळींतील एक बंधु सालदार आहे. त्याला स्वतःचें नांवहि लिहितां येत नाहीं. तो तिच्या आईबरोबर तीन वेळां तहसिलींत गेला. त्याचे तीन दिवस बुडाले, ते कोणी भरून दिले नाहींत आणि त्यानें मागितलेहि नाहींत. मुलीला वसतिगृहांत जागा मिळाली.

दिवाळीच्या सुटींत ती घरीं आली तेव्हां शेत पांढरें झालें होतें. आठ दिवस तिनें आईबरोबर कापूस वेचला. परत जावयाच्या सकाळीं मी त्यांच्या घरावरून जात होतों, म्हणून थांब्यापर्यंत बरोबर गेलों. मोठी बहीण कडेवर मूल घेऊन माहेरीं आली होती, तीहि आली. मला वसतिगृहाचा अर्ज विचारणारी ती हीच. बसला वेळ होता. तिनें मूल आईकडे दिलें, धाकटीच्या दप्तरांतून विज्ञानाचें पुस्तक काढलें व उभ्यानेंच चाळूं लागली. मला तिच्याशीं बोलावयास कांहीं सुचेना. बस आली, धाकटी वर चढली, आणि तिला खिडकींतून हात बाहेर काढून तें पुस्तक परत मागावें लागलें.