पासवर्डमागचा माणूस



पंचतारांकित एमआयडीसीत काम करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना मशीनवरचे ते लाल कुलूप माहीत आहे. मशीन दुरुस्तीला घेतले की मेंटेनन्सचा माणूस मेन स्विच बंद करतो, त्याला स्वतःचे कुलूप घालतो, चावी खिशात ठेवतो आणि मगच आत हात घालतो. उत्पादन कितीही अडलेले असो, ते कुलूप दुसऱ्याने परस्पर उघडायचे नसते. त्यात कोणावर अविश्वास दाखवलेला नाही. आत एका माणसाचा हात आहे, एवढेच ते कुलूप सांगत असते.

आज हे आठवण्याचे कारण वेगळे आहे. मिस्सानंतर काही पालकांशी बोलताना एक प्रश्न पुढे आला. शाळेतल्या मुलाने शिक्षकांचा पासवर्ड मिळवला, शाळेच्या संगणकात शिरला, थोडे इकडेतिकडे पाहिले आणि बाहेर आला. फादर, यात त्याने चोरले काय? पेन नाही, पुस्तक नाही, पैसा नाही. मग सातवी आज्ञा मोडली असे कसे म्हणायचे?

प्रश्न प्रामाणिक आहे. उत्तर शोधताना आपण आधी त्या पासवर्डच्या आत पाहू. महाराष्ट्रातल्या शाळा २०१५ पासून 'सरल' प्रणालीवर विद्यार्थ्यांची माहिती भरतात. शाळेच्या दप्तरात मुलांचे पत्ते असतात, आईवडिलांचे फोन, आधार क्रमांक, जातीचे दाखले. कुणाची फी थकली आहे, कुणाला कोणता आजार आहे, कुणाचे वडील घरी राहत नाहीत, हेही शाळेला ठाऊक असते. मुख्याध्यापकांच्या खोलीत एखादी आई दार लोटून जे हळू आवाजात सांगते, तेच पुढे कुठेतरी नोंदले जाते. त्या कुलपाच्या आत माणसांचे हात आहेत. ते दार परस्पर उघडणाऱ्याने काही उचलले नाही तरी दुसऱ्याच्या झाकलेल्या गोष्टी उघड्या केल्या.

आता हे किती प्रमाणात घडते? आपल्याकडचे पक्के आकडे आमच्या हाती नाहीत, पण ब्रिटनचे आहेत. तिथल्या माहिती आयुक्त कार्यालयाने जानेवारी २०२२ ते ऑगस्ट २०२४ या काळात शिक्षणसंस्थांच्या आतल्याच लोकांकडून घडलेल्या २१५ घटना तपासल्या. त्यांतल्या ५७ टक्के विद्यार्थ्यांनी केलेल्या होत्या. सुमारे ३० टक्के घटनांत कुणाचा तरी चोरलेला पासवर्ड वापरला होता आणि अशा घटनांमागे ९७ टक्के वेळा विद्यार्थीच होते. खरोखर अवघड तंत्र वापरलेल्या घटना अवघ्या ५ टक्के. म्हणजे 'आमचा मुलगा फार हुशार, म्हणून शिरला' असे मनातल्या मनात सुखावण्याचे कारण फारसे नाही. बहुतेक वेळा पासवर्ड सोपा होता, किंवा चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवला होता. १९८३ च्या 'वॉरगेम्स' या इंग्रजी चित्रपटातला मुलगाही शाळेच्या ऑफिसातली अशीच यादी पाहून आपले गुण बदलतो. चाळीस वर्षे झाली, चिठ्ठी जागची हललेली नाही.

त्याच अहवालात तीन मुलांची हकिगत आहे. पंधरा-सोळा वर्षांची मुले. इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या साधनांनी पासवर्ड फोडून ती चौदाशे विद्यार्थ्यांची माहिती असलेल्या प्रणालीत शिरली. का, असे विचारल्यावर म्हणाली, आम्हांला या विषयाची आवड आहे, आपले कसब पाहायचे होते.

हे वाचले आणि आम्हांला संत ऑगस्टीन आठवले. तेही सोळा वर्षांचे होते. मित्रांच्या टोळक्याबरोबर रात्री शेजारच्या नासपतीच्या झाडावर हात मारला, फळे ओरबाडली आणि डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती. घरी याहून चांगली फळे होती. पुढे मोठेपणी आपल्या आत्मनिवेदनात ते त्या रात्रीचा कसून शोध घेतात आणि सांगतात की गोडी फळात नव्हतीच. जे करू नये ते करण्यात होती, आणि सोबतीला मित्र होते यात होती. एकटा असतो तर केले नसते, असेही ते म्हणतात. आपल्या मुलांच्या मनाचे इतके नेमके वर्णन आजच्या समुपदेशकांकडेही क्वचित मिळेल. मात्र एक गोष्ट आम्हांला नेहमी खटकते. त्या सगळ्या प्रकरणात झाडाचा मालक कुठेच येत नाही. त्याचे नाव नाही, सकाळी झाड पाहून त्याला काय वाटले असेल ते नाही. अपराध देवाचा आणि आपला, एवढ्यातच हिशेब पुरा होतो.

म्हणून ऑगस्टीनच्या शेजारी जक्कयाला बसवायला हवे. प्रभू येशू त्याच्या घरी गेले तेव्हा जक्कय आपल्या मनाच्या अवस्थेबद्दल काहीच बोलला नाही. उभा राहिला आणि आकडे सांगू लागला. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत. मूल का चुकले हे ऑगस्टीनकडून समजते. चुकल्यावर पुढे काय करायचे, ते जक्कयाकडून शिकावे लागते.

समजा मुलाने शिक्षिकेच्या पासवर्डने गुण बदलले. यात पहिला संशय कुणावर जातो? मुलावर नव्हे, त्या बाईंवर. प्रणालीत नोंद त्यांच्या नावाची झालेली असते. चौकशी त्यांची होते, स्टाफरूममध्ये कुजबूज त्यांच्याबद्दल होते, नोकरी कंत्राटी असेल तर पोटावरच येते. प्रकरण उघडकीला आल्यावर आपण सगळे मुलाच्या भवितव्याची काळजी करू लागतो, आणि ती करायलाच हवी. पण बाईंना कुणी साधे 'चुकलो' म्हणायला जात नाही. जक्कयाच्या मापाने परतफेड इथून सुरू होते. मुलाने त्यांच्यासमोर उभे राहून काय केले ते सांगायचे. ज्या मित्रांच्या फोनवर माहिती पाठवली, त्यांच्याकडून ती पुसून घ्यायची. बदललेले गुण मूळपदावर येईपर्यंत शाळा सुटल्यावर तिथेच थांबायचे. हे कंटाळवाणे काम आहे. असू दे.

दोन उदाहरणे देतो. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात काही विद्यार्थ्यांनी सहा शाळांच्या वर्गांतले पडदे एकाच वेळी ताब्यात घेऊन त्यांवर गाण्याचा व्हिडिओ लावला. परीक्षेत व्यत्यय येऊ नये याची काळजी घेतली, यंत्रणा पूर्ववत केली आणि कुठून कसे शिरलो, याचा २६ पानी अहवाल शाळेच्या अधिकाऱ्यांना पाठवला. अधिकाऱ्यांनी शिक्षा केली नाही, उलट आभार मानले. परवानगीविना शिरणे आम्हांला तरीही मान्य नाही. गंमत आपली, पण रात्रीची झोप दुसऱ्याची उडते. पण त्या मुलांनी जाताना दार कुठे मोडके आहे ते सांगितले, हेही खरे. दुसरे उदाहरण २०२४ चे, त्याच देशातले. एकोणीस वर्षांच्या कॉलेज विद्यार्थ्याने चोरलेल्या पासवर्डने शाळांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीतून सहा कोटींहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती काढली आणि खंडणी मागितली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला चार वर्षांची कैद झाली. दोघांनी उघडलेले दार सारखेच होते. आत गेल्यावर एकाला समोर माणसे दिसली, दुसऱ्याला माल.

आपला कायदा काय म्हणतो, तेही पालकांना ठाऊक असावे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली अप्रामाणिक हेतूने दुसऱ्याच्या संगणकात शिरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मूल अठरा वर्षांखालचे असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळ समज देऊन घरी सोडू शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवेचे काम देऊ शकते. नव्याने सुरुवात करण्याची संधी हे त्या कायद्याने तत्त्व म्हणूनच लिहून ठेवले आहे. शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकायला मनाई करतो. अल्पसंख्याक शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या कायद्यातून वगळल्या गेल्या, आणि त्यांत आपल्या ख्रिस्ती शाळाही आल्या. कायद्याने वगळले, शुभवर्तमानाने वगळलेले नाही. चुकलेल्या भावाला आधी एकांतात गाठून सांग, असे प्रभूने शिकवले आहे. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या शाळेपुढे उभे करणे आणि दुपारी दाखला हातात देणे, हा क्रम त्यात बसत नाही.

याच कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी, गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या फासेपारध्यांना पहाऱ्याचे काम दिले आणि १९१८ मध्ये अशा जमातींची हजेरीची पद्धत बंद केली. त्या लोकांवरचा शिक्का जन्माचा होता, अन्यायाचा होता. आपल्या मुलाने तर खरोखर काही केलेले आहे, तेव्हा तुलना अर्धीच लागू पडते. तरीही परतफेड पूर्ण झाल्यावर त्याच मुलाला संगणक कक्षात शिक्षकांच्या हाताखाली बसवावे, कुठे फटी आहेत ते शोधायला सांगावे. दुसऱ्या दिवशी मुख्य पासवर्ड हातात देऊ नये, एवढे भान ठेवून.

घरचेही थोडे बोलू. पप्पांचा यूपीआय पिन मुलाला पाठ असतो आणि मम्मीच्या फोनचा ओटीपी तोच सांगतो. कारखान्यात पूर्वी मित्राचे कार्ड पंच करून त्याची हजेरी कशी लावली, हा किस्सा जेवताना हसत सांगितला जातो. मूल ऐकते. दुसऱ्याच्या नावाने आत जाणे ही मोठ्यांची गंमत आहे, हे त्याने शाळेच्या खूप आधी शिकलेले असते. मग शाळेतून बोलावणे आले की त्यालाच पट्ट्याने मारायचे, की 'माझा मुलगा असा नाहीच' म्हणून मुख्याध्यापकांशी भांडायचे? दोन्हींत बाई एकट्याच राहतात.

सेकंड शिफ्ट सोडून शाळेत जाणे अनेकांना जमत नाही, हे आम्हांला माहीत आहे. असे बोलावणे कुणाला आले, तर धर्मग्रामाच्या कार्यालयात कळवा, रात्री कळवले तरी चालेल. आपण बरोबर जाऊ, मुलाला घेऊन जाऊ. त्याची वकिली करायला आम्ही येणार नाही. तो बाईंच्या समोर उभा राहून बोलेल, तेवढा वेळ त्याच्या शेजारी उभे राहू.