पापनिवेदन : ओठांवरची मोहर



उपवासकाळात पापनिवेदनासाठी रांग लागते. पण काही ओळखीचे चेहरे तिच्यात दिसत नाहीत. कारण विचारले की अडखळत उत्तर येते, "फादर, तुम्ही तर आम्हाला रोज भेटता. चुकून कुणाजवळ बोललात तर?" शंका प्रामाणिक आहे. आम्हा धर्मगुरूंनी तिला तितकेच प्रामाणिक उत्तर द्यायला हवे.

पुनरुत्थित प्रभूने प्रेषितांवर श्वास टाकून त्यांना पापक्षमेचा अधिकार दिला (योहान २०:२२-२३). क्षमा करणारा तोच. आम्ही त्याचे सेवक. म्हणून पापनिवेदनात आमच्या कानी पडते ते आमच्या मालकीचे नसते. १२१५ साली चौथ्या लॅटरन परिषदेने हे मौन साऱ्या ख्रिस्तसभेसाठी कायद्यात बांधले. आजच्या कॅनन कायद्याचा ९८३ वा नियम सांगतो की शब्दाने, खुणेने वा कोणत्याही कारणाने आम्ही निवेदकाचा विश्वासघात करू शकत नाही. जो धर्मगुरू थेट हा भंग करील तो त्याच क्षणी बहिष्कृत होतो. ९८४ वा नियम याहून पुढे जातो : ऐकलेल्या गोष्टीचा वापर निवेदकाला बाधेल असा करायचाच नाही. चर्चच्या पेटीतले पैसे घेतल्याचे कुणी पापनिवेदनात सांगितले, तर केवळ त्या माहितीवरून आम्ही त्याच्याकडून किल्ल्या काढून घेऊ शकत नाही.

मेक्सिकोचे फादर मातेओ कोरेआ यांना १९२७ साली सैनिकांनी पकडले. दुरांगो येथे जनरलने त्यांना मरणाच्या दारातील कैद्यांचे पापनिवेदन ऐकू दिले आणि मग ते काय बोलले हे सांगण्याचा हुकूम केला. त्यांनी नकार दिला. ६ फेब्रुवारीला त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केले.

मग आम्ही गुन्हेगाराला पाठीशी घालतो का? नाही. खरा पश्चात्ताप नसेल तर आम्ही पापक्षमा देऊ शकत नाही. चोरलेले परत कर, केलेले नुकसान भरून दे, असे सांगतो. कुणी आपल्यावर झालेला अत्याचार सांगितला, तर पापनिवेदनाबाहेर मदत मागायला, पोलिसांकडे जायला त्याला धीर देतो. तरीही एखादे ओझे उरतेच आणि ते घेऊन रात्र काढावी लागते. ते आम्ही प्रभूच्या क्रुसापाशी ठेवतो. पण हे दारच बंद झाले, तर 'आता थांब, मागे फीर' हे त्या पाप्याला सांगणारे कोण उरेल?

या मौनात तुमचाही वाटा आहे. रांगेत उभे असताना चुकून काही कानी पडले, तर तेही गुपितच राहिले पाहिजे. तुम्हालाही कायद्याचे तेच बंधन आहे. थोडे दूर उभे राहू या.

आणि जे कित्येक वर्षे आले नाहीत, त्यांनी यावे. ओळखीच्या फादरांकडे संकोच वाटत असेल, तर शेजारच्या धर्मग्रामात जावे. आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही. आम्हीही आमची पापे दुसऱ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकूनच सांगतो, आणि त्यांच्या मौनावर विसंबूनच हलके होऊन परततो.

प्रभू आपणा सर्वांना समेटाची कृपा देवो. आमेन.