सहा महिने कशाचे?

बस समोर, आणि फोन खिशात ठेव. सहा महिन्यांत पैसे हातात पडतील असं त्या गवंड्याला तू कशाच्या आधारावर सांगितलंस? ‘वकीलसाहेब म्हणाले म्हणून बायकोचे डाग गहाण टाकले, सहा महिन्यांत सोडवू,’ असं तो काल मला सांगत होता. कुबडी घेऊन दोन जिने चढून आला होता. मांडीच्या हाडात सळी, घरात दोन शाळकरी पोरं, आणि तू सहज तोंडातून काढलेल्या आकड्यावर त्याने घरखर्चाचा हिशेब मांडलाय. माझ्या वर्गात तू हुशार म्हणून मिरवायचास. हेच शिकलास का?

सहा महिने कायद्यात आहेत, हे मला माहीत आहे. मोटार वाहन कायदा, कलम १६६, पोटकलम ३. पण तिथे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करा असं म्हटलंय. पैसे कधी मिळणार याच्याशी त्या मुदतीचा काडीचाही संबंध नाही. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढली होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय आणि तोवर मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालाय, हेही तू मला सांगशील. म्हणून हातावर हात ठेवून बसलास? अंतरिम आदेशाच्या भरवशावर अशिलाचा हक्क टांगून ठेवायचा नसतो. शिवाय कलम १७१ पुन्हा वाच. व्याज मिळतं ते फार तर दावा दाखल केल्याच्या तारखेपासून, अपघाताच्या तारखेपासून नाही. अपघाताला पाच महिने होत आले, म्हणजे पाच महिन्यांचं व्याज तू त्या माणसाच्या पदरातून काढून घेतलंस.

आता ती फाइल उघड. एक्स-रे दुमडून कोंबलाय, नेमक्या फ्रॅक्चरवर घडी पडलीय. औषधांची बिलं आहेत, पण डॉक्टरची चिठ्ठी एकालाही जोडलेली नाही. ही चार बिलं बघ, शाई उडून पांढरी पडलीत. मशीनमधून निघणाऱ्या असल्या बिलांची झेरॉक्स त्याच दिवशी काढून घ्यायची असते. डिस्चार्ज कार्डावर त्याचं नाव एक आणि आधार कार्डावर दुसरं. विमा कंपनीचा वकील उलटतपासणी इथूनच सुरू करेल. मिळकतीचा पुरावा कुठे आहे? ठेकेदाराकडून मजुरीचं लेखी घेतलंस? बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी आहे का, एवढं तरी विचारलंस? तो रोजावर काम करणारा माणूस आहे. त्याची कमाई कागदावर तू आणली नाहीस तर न्यायाधिकरण अंदाजाने धरेल, आणि तो अंदाज कमीच येतो.

पोलिसांचं काय? नियमाप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत द्यायचा, अंतरिम अहवाल ५० दिवसांत, सविस्तर अहवाल ९० दिवसांत. कायदा त्या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानायला सांगतो. तो हाती आला की विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने ३० दिवसांत देकार तरी द्यायचा, नाहीतर कारणं देऊन नकार. हे सगळं वेळेत झालं तर दावा वर्षाच्या आतबाहेर मिटतोही. पण कुणी मागे लागल्याशिवाय होत नाही. मागे लागणं तुझं काम होतं, आणि तू त्या पोलीस ठाण्याची पायरीसुद्धा चढलेला नाहीस.

वेळ कुठे जातो ते ऐक. गाडी विकलेली असते, आरसीवर जुनाच मालक असतो, त्याचा पत्ता बदललेला असतो आणि समन्स बजावलं न जाता परत येतं. तू पत्ता शोधून देईपर्यंत तीन तारखा गेल्या. मग चालकाच्या लायसन्सवर बोट ठेवून विमा कंपनी कैफियत देते, मुद्दे निघतात, पुरावा सुरू होतो, डॉक्टर येत नाहीत, पुढची तारीख पडते. निकाल लागला की रक्कम ३० दिवसांत जमा करायची असते, पण अपीलाला ९० दिवस आहेत आणि उच्च न्यायालयातून स्थगिती आली की पुन्हा वाट बघणं आलं. तडजोड झाली तर वर्ष-दीड वर्ष, लढवला तर तीन-चार वर्षं, अपील झालं तर त्याच्याही पुढे. अशिलाला पहिल्याच दिवशी हे एवढं सांगायचं होतं.

आणि जिथे थांबायचं तिथे तुला घाई! लोकअदालतीत लगेच मिटवू म्हणालास. त्याचं हाड जुळलंय की नाही, गुडघा किती वाकतो, पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का, यातलं काही ठरलेलं नसताना आकडा कशाचा लावणार होतास? लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता जबर दुखापतीचे अडीच लाख मिळतात, पण ते स्वीकारले की १६६ चा दावा संपला. पाय पुढे कितीही बिघडो, परत दार उघडत नाही.

वही काढ, हिशेब मांड. वय ३४, म्हणजे सरला वर्मा निकालाप्रमाणे गुणक १६. मिळकत महिना १५,००० सिद्ध झाली असं धर, वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आतला, स्वतःच्या हाताने कमावणारा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळव. २,५२,००० झाले. त्याला १६ ने गुण, ४०,३२,०००. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दाखल्यावर अपंगत्व समज ३० टक्के आलं, तर १२,०९,६०० होतात. तू इथेच थांबशील. पण हा माणूस परांचीवर उभा राहून थापी चालवतो. पाय दुमडत नसेल तर त्याचं काम ३० टक्के गेलं का? राजकुमार विरुद्ध अजयकुमार तुला दोनदा शिकवलाय. शरीराचं अपंगत्व वेगळं, कमाईचं नुकसान वेगळं, आणि ते माणसाच्या कामावरून ठरतं. कमाईचं नुकसान ५० टक्के आहे हे तू पटवून दिलंस तर २०,१६,००० होतात. आठ लाखांचा फरक पडतो, आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या साक्षीवर अवलंबून आहे. डॉक्टर कोर्टात यायला तयार नसतील तर कमिशनर नेमून त्यांची साक्ष घ्या, नाहीतर त्यांना ठरावीक वेळ द्या, असं त्याच निकालात न्यायालयाने सुचवलंय. मग तसा अर्ज कर. तक्रार काय सांगतोस?

उद्या सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन सविस्तर अहवालाची लेखी मागणी कर आणि पोच घे. दुपारी ठेकेदाराला गाठ. शनिवारी दाव्याचा मसुदा मला दाखव. आणि फाइलच्या तळाशी तो जो कागद आहे ना, मिळेल त्या रकमेतले दहा टक्के वकिलाचे, तो आज, माझ्यासमोर रद्द कर. बार कौन्सिलच्या नियमांत असा करार बसत नाही. फी आकड्यात लिही, निकालाशी न बांधता, आणि त्याला वाचून दाखवून मगच त्याची सही घे.