हवेतली रांग

निवांत बसा. फोन हातात असेल तर उपडा ठेवा. बंद करायची गरज नाही. आज त्याच्याचकडे लक्ष द्यायचं आहे.

आता मनातल्या मनात घरभर एक फेरी मारा. सगळ्यांचे फोन. लॅपटॉप. टीव्ही. दारावरचा कॅमेरा, मुलांचा टॅब, प्रिंटर, हौसेने आणलेला स्मार्ट बल्ब, कपाटात पडलेला पण अजून चार्ज असलेला जुना फोन. घाई नको. वीस भरले तरी दचकू नका. ही सगळी मंडळी एकाच राउटरला जोडलेली आहेत. त्याला आणखी किती झेपतील?

आकड्यातलं उत्तर चटकन संपतं. घरगुती राउटर बहुधा 192.168 ने सुरू होणारे पत्ते वाटतो. शेवटचा आकडा 0 ते 255. त्यातले दोन राखीव, एक राउटरचा स्वतःचा, उरले 253. वायफायच्या मानकात तर एका केंद्राला 2007 उपकरणांना क्रमांक देण्याची सोय आहे. हे आकडे खरे आहेत, आणि तुमच्या कामाचे जवळजवळ नाहीतच. नाव नोंदवून घ्यायला काय लागतं? बोलू देणं अवघड.

म्हणून मोजणी बाजूला ठेवा आणि खोलीतल्या हवेकडे वळा.

एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, हा वायफायचा मूळ रिवाज. तुमचा फोन काही पाठवण्याआधी कानोसा घेतो: कुणी बोलतंय का? कुणी नसलं तरी लगेच तोंड उघडत नाही. शून्य ते पंधरा यांमधला एक आकडा मनाशी धरतो आणि उलटे मोजू लागतो. एकेक अंक साधारण 9 मायक्रोसेकंदांचा. मध्येच दुसरं कुणी बोलू लागलं तर मोजणी थांबते. ते संपलं की उरलेल्या आकड्यापासून पुढे. शून्य आलं की मग बोलायचं.

इथे जरा रेंगाळा. दोघांनी एकच आकडा धरला तर? दोघं एकदम बोलतात आणि बहुधा कुणाचंच पोचत नाही. गंमत म्हणजे बोलत असताना त्यांना याचा पत्ताही नसतो, कारण स्वतःच्या आवाजापुढे त्या रेडिओला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. पलीकडून पोच आली नाही, एवढ्यावरून ओळखायचं. मग दोघंही माघार घेतात आणि या खेपेला शून्य ते एकतीसमधून आकडा निवडतात. पुन्हा आपटले तर त्रेसष्ट. असं वाढत 1023 पर्यंत.

हा संयम रेडिओला जन्मजात नव्हता. 1971 साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट हे रेडिओवरचं जाळं सुरू केलं, तेव्हा बेटांवरची यंत्रं न ऐकताच बोलत. टक्कर झाली तर थोड्या वेळाने पुन्हा. गणित सांगतं की अशा कारभारात हवेचा फार तर 18 टक्के वेळ सत्कारणी लागतो. आधी कानोसा घ्यायचा, ही सुधारणा त्यानंतरची.

आता मघाच्या वीस जणांपैकी एकेकाला ऐका. बल्ब दिवसभर जवळपास मुका. असे तीस बल्ब लावले तरी रांगेत ते क्वचितच दिसतील. टीव्ही मात्र सिनेमा लागला की पुन्हा पुन्हा हवा मागतो. आणि तो कोपऱ्यातल्या खोलीतला जुना फोन? दोन भिंतींपलीकडून त्याला सावकाशच बोलता येतं. 1500 बाइटचं एक पॅकेट 300 मेगाबिटच्या वेगाने 40 मायक्रोसेकंदांत जातं. तेच 6 मेगाबिटच्या वेगाने पूर्ण 2 मिलिसेकंद खातं. पन्नासपट. चाळीच्या नळावर प्रत्येकाला एकेकच भांडं भरू दिलं, तरी अरुंद तोंडाच्या सुरईपाशी सगळी रांग खोळंबते, तसं. माझ्या मते घराघरांतल्या निम्म्या तक्रारी संख्येच्या नसून या सुरईच्या असतात.

आणि भिंती जुमानत नाही ती हवा. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल धरले जातात तीनच: 1, 6 आणि 11. इमारतीत वीस-पंचवीस राउटर असले की वाटणी आपोआप होते. वरच्या मजल्यावरचा टीव्ही तुमच्याच चॅनलवर असेल तर तोही तुमच्याच रांगेत उभा आहे. तुमच्या यादीत तो नव्हता. 5 गिगाहर्ट्झमध्ये चॅनल जास्त आणि भिंतींतून पोच कमी, म्हणून तिथे शेजार विरळ वाटतो. वायफाय 6 ने एकाच खेपेत अनेकांना हवेचे लहान लहान तुकडे वाटून द्यायची सोय केली. पण ती समजणारी उपकरणं घरात हवीत.

दुकानात नवा राउटर बघायला निघाला असाल तर क्षणभर थांबा आणि यादीतल्या न हलणाऱ्या वस्तूंकडे पाहा. टीव्ही कधी खोली बदलत नाही. टेबलावरचा संगणकही नाही. त्यांना केबल जोडा. सगळ्यात जास्त बोलणारे दोघं रांगेतून बाहेर पडतील, आणि खर्च येईल तो काही मीटर तारेचा.